सव्वा मीटर तांबं

चाळीस हजारांचा इन-इयर मॉनिटर घेतला, की पुढचा प्रश्न हमखास येतो: आता केबल कुठली? डब्यात एक केबल आलेली असतेच, आणि ती चालतेही. पण त्या डब्याबाहेर 'अपग्रेड केबल' नावाचा एक वेगळा बाजार आहे. शुद्ध तांबं, चांदी, चांदीचा मुलामा दिलेलं तांबं, सोनं मिसळलेली चांदी. दोन पेडी, चार पेडी, आठ पेडी वेणी. किंमत हजारभर रुपयांपासून सुरू होते आणि लाखाच्या पुढे जाते. लांबी मात्र सगळ्यांची तीच, सव्वा मीटरच्या आसपास.

या केबलींनी आवाज बदलतो की नाही, यावर लोक वर्षानुवर्षं भांडतायत. एक बाजू म्हणते, 'आम्हाला ऐकू येतं.' दुसरी म्हणते, 'तुमचा भास आहे.' पगार सॉफ्टवेअरचा असला तरी पदवी इंजिनिअरिंगची आहे, त्यामुळे मला या भांडणापेक्षा त्यातल्या शब्दांचं कुतूहल जास्त. शुद्धता, 'लिट्झ', 'सिंगल क्रिस्टल' हे शब्द कुणा जाहिरातवाल्याने रात्रीत बनवलेले नाहीत. यातला प्रत्येक शब्द कधीतरी, कुठेतरी एका खऱ्याखुऱ्या अडचणीचं उत्तर होता. ती अडचण कुठली होती, हे शोधत गेलं की थेट अटलांटिक महासागराच्या तळाशी जावं लागतं.

ऑगस्ट १८५८. आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये समुद्रातून टाकलेली तार पहिल्यांदा जोडली गेली. राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना ९८ शब्दांचा संदेश पाठवला. तो पोचायला सुमारे सोळा तास लागले. म्हणजे एका शब्दाला जवळजवळ दहा मिनिटं. असं का होतं, याचं गणित विल्यम थॉमसन याने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, आधीच मांडलेलं होतं. समुद्रातली तार ही नुसती तार नसते. आत तांबं, मध्ये गटापर्चा या झाडाच्या चिकाचं वेष्टन, बाहेर खारं पाणी. म्हणजे तो एक प्रचंड लांब कपॅसिटर होतो. आधी तो भरावा लागतो, मग रिकामा व्हावा लागतो. तारेचा रोध आणि ही साठवण दोन्ही लांबीबरोबर वाढतात, म्हणून लांबी दुप्पट झाली की दिरंगाई चौपट होते. उपाय दोन: तांबं जाड घ्या, आणि चांगलं घ्या.

कंपनीचा मुख्य विद्युततज्ज्ञ होता वाइल्डमन व्हाइटहाउस. मुळात शल्यचिकित्सक. त्याचा अनुभवावर विश्वास होता आणि थॉमसनच्या वर्गाच्या नियमावर नव्हता. संदेश नीट जात नाही म्हटल्यावर त्याने दाब वाढवला, सुमारे २,००० व्होल्टपर्यंत. आधीच कमकुवत असलेली ती तार काही आठवड्यांतच कायमची मुकी झाली. थॉमसनची रीत उलटी होती. त्याने पलीकडच्या टोकाला एक इवलासा आरसा लावलेला गॅल्व्हानोमीटर ठेवला. अगदी क्षीण प्रवाह आला तरी आरसा किंचित वळे आणि प्रकाशाचा ठिपका पट्टीवर सरके. ओरडायचं नाही, नीट ऐकायचं. १८६६ मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने टाकलेली तार टिकली, तिच्यात मैलामागे पहिल्या तारेच्या जवळजवळ तिप्पट तांबं होतं, आणि तिच्यातून मिनिटाला सहा-आठ शब्द जाऊ लागले.

हेच जहाज १८७० मध्ये मुंबईत आलं आणि त्याने मुंबई ते एडन अशी तार समुद्रात टाकली. ती पुढे सुएझमार्गे लंडनला जोडली गेली. मुंबईच्या कापसाचे भाव आणि लंडनचा बाजार यांच्यातलं अंतर आठवड्यांवरून तासांवर आलं.

पण आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचं घडलं ते यादरम्यान. थॉमसनने १८५७ मध्ये बाजारातल्या तांब्याच्या तारांचे नमुने मोजले आणि त्याला दिसलं, की दिसायला सारख्या, जाडीला सारख्या तारांच्या वाहकतेत भलताच फरक आहे. तोवर तांबं म्हणजे तांबं, असा कारखान्यांचा समज होता. फरकाचं कारण अशुद्धी. आर्सेनिकसारखं द्रव्य अगदी थोडं मिसळलेलं असलं, तरी तांब्याची वाहकता धाडकन उतरते. पुढच्या तारांसाठी तांब्याची प्रत मोजून, तपासून घेण्याची अट आली. 'शुद्ध तांबं' हा तांत्रिक आग्रह इथे जन्मला. हजारो किलोमीटर लांब, समुद्राच्या तळाशी असलेल्या, एकदा टाकली की हात लावता येणार नाही अशा वस्तूसाठी.

१९१३ मध्ये या आग्रहाला आकडा मिळाला. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने तांब्याच्या वाहकतेचं एक प्रमाण ठरवलं आणि त्याला १०० टक्के म्हटलं. आजचं चांगलं तांबं या प्रमाणाच्या किंचित वर, १०१ टक्क्यांच्या आसपास जातं; कारण १९१३ नंतर शुद्धीकरण सुधारलं. चांदी साधारण १०५-१०६ टक्क्यांवर. हे प्रमाण 'अॅनील्ड' तांब्याचं आहे, म्हणजे तापवून मऊ केलेल्या. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिराला ही बाब कुणी शिकवायला नको. तांबं ठोकत गेलं की कडक होतं, मग भट्टीत तापवून पुन्हा मऊ करायचं आणि पुन्हा ठोकायचं. तारही खेचून खेचून बारीक करताना अशीच कडक होते, आणि तिची वाहकता दोन-तीन टक्क्यांनी घसरते. तापवली की परत येते.

हे आकडे लक्षात ठेवा, कारण सव्वा मीटरच्या केबलचा सगळा धातुविचार या पाच-सहा टक्क्यांत मावतो. तांब्याची तार व्यासाला तीनच टक्के जाड केली, की ती चांदीच्या मूळ तारेइतकीच वाहू लागते. तीन टक्के म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही इतकं. आणि वर्गाचा नियम? अटलांटिकच्या तारेची लांबी तीन हजार किलोमीटरहून जास्त, आपली सव्वा मीटर. ढोबळ हिशेब केला तर ती दिरंगाई इथे काही लाख कोटी पटींनी कमी. व्हाइटहाउसलाही इथे काही बिघडवता आलं नसतं.

तरी आपल्याकडे धातूची शुद्धता ऐकली की मन आपोआप झुकतं, याची मला गंमत वाटते. बाळाला चांदीची वाटी, पूजेला तांब्याचं ताम्हन, सोनं चोवीस कॅरेट की बावीस, यात आपण वाढलो. त्यामुळे केबलच्या पाकिटावर '६एन' म्हणजे ९९.९९९९ टक्के असं लिहिलेलं दिसलं, की ते मापापेक्षा पावित्र्य जास्त वाटतं. आणि वर्णनं बघा: चांदीची केबल 'चकचकीत, टोकदार' वाजते आणि तांब्याची 'उबदार'. म्हणजे धातू जसा दिसतो, अगदी तसाच.

'लिट्झ'ची कथा आणखी वेगळी. हा जर्मन शब्द. बारीक, एकमेकींपासून वार्निशने अलग केलेल्या अनेक तारा पिळून एक तार करायची. कारण असं, की प्रवाहाची वारंवारता वाढत गेली की तो तारेच्या गाभ्यातून न जाता सालीसालीतून वाहू लागतो. मग गाभ्यातलं तांबं फुकट. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर लागायचं. त्या वारंवारतेला ही 'साल' मिलिमीटरच्या सात-आठ शतांशांइतकी पातळ असते. म्हणून जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये त्या काळ्या फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार कित्येकदा लिट्झ असते, आणि तिथे ती हवीच. आपल्या कानाची मर्यादा मात्र २० किलोहर्ट्झ. तिथे हीच साल जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरची होते. इयरफोनच्या केबलमधला एक पेड त्यापेक्षा बारीक असतो. म्हणजे सगळीच तार साल, गाभा शिल्लकच नाही. लिट्झचा एक फायदा मात्र खरा आहे. वार्निशमुळे तारा घामाने हिरव्या पडत नाहीत. तांब्याच्या भांड्यात ताक कळकतं तशा पारदर्शक वेष्टनातल्या केबली मुंबईच्या दमटपणात वर्षभरात हिरव्या होतात. आवाजाला काही होत नाही, जीव मात्र हळहळतो.

'सिंगल क्रिस्टल' तांब्याचं मूळ जपानमध्ये. चिबा इथल्या तंत्रसंस्थेत प्राध्यापक अत्सुमी ओहनो यांनी धातू ओतण्याची एक पद्धत काढली. साच्याच्या भिंती तापलेल्या ठेवायच्या, म्हणजे धातू कडेपासून न गोठता एकाच दिशेने गोठत जातो आणि आतले कण लांबच लांब वाढतात. अशा सळईतून अतिशय बारीक तार न तुटता ओढता येते. फुरुकावा इलेक्ट्रिक कंपनीने १९८०च्या दशकात यापासून ऑडिओसाठी तांबं बनवलं, आणि २०१३ मध्ये ते उत्पादन थांबवलंही. ओहनोंचं काम धातुशास्त्र म्हणून अव्वल आहे. ते तुटण्याबद्दल होतं. ऐकण्याबद्दल ते नंतर झालं.

आता हे सगळे शब्द घरगुती संगीतात कसे शिरले? १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत लोक स्पीकरला टेबललॅम्पची वायर लावत. हार्डवेअरच्या दुकानात वारावर मिळणारी. त्याबद्दल कुणाला कमीपणा वाटत नव्हता. त्या दशकाच्या अखेरीस नोएल ली नावाच्या माणसाने 'मॉन्स्टर केबल' सुरू केली. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत काम केलेला इंजिनिअर, शिवाय ड्रम वाजवणारा. त्याचं तांत्रिक म्हणणं अगदीच निराधार नव्हतं: लांब अंतराला बारीक वायर वापरली तर रोध वाढतो. पण त्याने खरा शोध लावला तो दुकानाचा. अॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांवर विक्रेत्याला फार सुटत नसे. केबलवर सुटे. मग विक्रेताच गिऱ्हाइकाला सांगू लागला, एवढं महागाचं घेतलंत, आता वायरीत कशाला हात आखडता?

१९८३ मध्ये 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी एक चाचणी छापली. एकीकडे मॉन्स्टर, दुसरीकडे लॅम्पची जाड वायर, तिसरीकडे अगदी बारीक वायर. ऐकणाऱ्यांना कुठली वाजतेय ते सांगायचं नाही. बारीक वायर ओळखू आली, विशेषतः फसफस आवाजाच्या चाचणी-ध्वनीवर. मॉन्स्टर आणि लॅम्पची जाड वायर यांच्यात संगीत ऐकताना भरवशाने फरक करता आला नाही. म्हणजे दोन्ही पक्ष थोडे थोडे बरोबर होते. जाडीचा फरक ऐकू येतो. नावाचा येत नाही.

इन-इयर मॉनिटर या सगळ्यापासून दूर, रंगमंचावर जन्मला. रॉक बँडच्या वादकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून पायाशी मोठाले स्पीकर ठेवत, आणि त्यांच्यावर मात करायला वादक आणखी मोठ्याने वाजवत. 'व्हॅन हेलन' बँडचा ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी याने १९९५ मध्ये ड्रमवादक अॅलेक्स व्हॅन हेलनसाठी कानाच्या साच्यात बसणारे मॉनिटर बनवले आणि त्यातून 'अल्टिमेट इयर्स' कंपनी उभी राहिली. आत जे इवलेसे आवाजयंत्र, 'बॅलन्स्ड आर्मेचर', ते श्रवणयंत्रांच्या जगातलं. ह्यू नोल्स यांची कंपनी ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळापासून बहिऱ्या लोकांसाठी बनवत होती.

केबल सुटी करायची कल्पनाही तशीच जुनी. शर्टाच्या खिशात डबी आणि तिथून कानापर्यंत दोरीसारखी वायर, अशी श्रवणयंत्रं तुम्ही एखाद्या आजोबांकडे पाहिली असतील. त्या वायरीच्या टोकाला पिना असत. वायर सगळ्यात आधी तुटते; मग नवी वायर आणायची आणि खोचायची, यंत्र तेच. रंगमंचावरच्या वादकाचंही तेच दुखणं: घाम, ओढाताण, प्रत्येक कार्यक्रमाला गुंडाळणं-सोडणं. म्हणून मॉनिटरला सुटी केबल आली. ती ठेवली गेली दुरुस्तीसाठी. पण एकदा खोबण आली की तिच्यात काय खोचायचं हे कंपनीच्या हातात राहत नाही. दोन पिनांचं, पाऊण मिलिमीटरच्या जरा वरचं ते भोक, त्यातून अख्खा बाजार आत आला.

आणि आला तो कधी? आयपॉडच्या दशकात, म्हणजे २००१ नंतर, आधी तोक्यो, हाँगकाँग, सिंगापूर इथल्या लोकल-मेट्रोने फिरणाऱ्या शौकिनांमध्ये. ज्यांच्या घरात मोठे स्पीकर ठेवायला जागा नव्हती, त्यांनी हाय-फायचं सगळं कर्मकांड खिशात आणलं. २०१६ मध्ये आयफोनने हेडफोनचं भोकच बुजवलं. जगातल्या बहुतेकांसाठी वायर संपली, आणि ज्यांनी ती ठेवली त्यांच्यासाठी ती दागिना झाली. मोबाइल आल्यावर मनगटी घड्याळाचं झालं, तसं काहीसं.

इथवर वाचून केबलप्रेमी मित्र रागावले असतील. त्यांच्या बाजूचं एक भक्कम प्रकरण आहे, आणि ते त्यांच्यातलेच फार थोडे सांगतात.

'एटिमॉटिक रिसर्च' या श्रवणशास्त्राच्या कंपनीने १९९१ मध्ये 'ईआर-४' नावाचा इयरफोन काढला. त्याच्या पुढे दोन प्रसिद्ध आवृत्त्या होत्या, 'पी' आणि 'एस'. दोन्हींचा आवाज वेगळा: 'एस'मध्ये वरचे स्वर जास्त पुढे, 'पी' जरा भरलेला आणि मोठा. फरक होता केबलच्या मार्गात बसवलेल्या रोधाचा. 'पी'ला ७५ ओहमची एक जोडवायर लावली की तो 'एस' होई, आणि कंपनी ती जोडवायर उघडपणे विकत असे. म्हणजे केबलने आवाज बदलतो हे तीसेक वर्षांपूर्वी एका अत्यंत काटेकोर कंपनीने सिद्ध करून दुकानात ठेवलं होतं. त्यात चांदी नव्हती, स्फटिक नव्हता. होता तो काही पैशांचा रोधक.

हे का घडतं? बॅलन्स्ड आर्मेचरमध्ये तारेचं वेटोळं असतं, आणि वारंवारतेबरोबर त्याचा रोध बदलतो. एका कानात असे पाच-सहा, दहा-बारा बसवले आणि मध्ये स्वर वाटून देणारं सर्किट घातलं, की एकूण रोधाची रेषा डोंगरदऱ्यांसारखी होते. समजा एखादा मॉनिटर एका स्वराला ५ ओहम आणि दुसऱ्या स्वराला ३० ओहम दाखवतो. केबलचा रोध १ ओहम असेल, तर पहिल्या स्वराचे सुमारे १.६ डेसिबल वाटेत जातात, दुसऱ्याचे जेमतेम ०.३. केबल ०.३ ओहमची लावली, तर नुकसान अनुक्रमे ०.५ आणि ०.१. म्हणजे दोन स्वरांमधला तोल जवळजवळ एका डेसिबलने सरकला. एवढं लक्ष देऊन ऐकणाऱ्याला कळू शकतं. तो भास नाही. उलट एकच डायनॅमिक ड्रायव्हर असलेला, ३२ ओहमची जवळजवळ सपाट रेषा असलेला इयरफोन घ्या. तिथे केबल बदलून फार तर आवाज केसभर लहान-मोठा होईल, बाकी काही नाही.

म्हणून 'केबलने फरक पडतो का' या प्रश्नाला 'कुठल्या इयरफोनला' असं विचारल्याशिवाय अर्थ नाही. आणि १ ओहमवरून ०.३ वर यायला लाख रुपये लागत नाहीत, तांबं जरा जाड लागतं. आणखी एक: कमी रोध म्हणजे चांगला आवाज, असंही नाही. बनवणाऱ्याने डब्यातली १ ओहमची केबल लावूनच सूर जुळवला असेल, तर 'अपग्रेड' करून तुम्ही तो जुळलेला सूर हलवताय.

दुसरी गोम प्लगमध्ये आहे. बऱ्याच महागड्या केबली ४.४ मिलिमीटरच्या 'बॅलन्स्ड' प्लगसह येतात. खिशातल्या छोट्या डॅकमध्ये त्या भोकातून पुष्कळदा दुप्पट व्होल्टेज मिळतं, म्हणजे ६ डेसिबल जास्त. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी बेल प्रयोगशाळेत दाखवलं होतं, की आवाजाची पातळी बदलली की कानाला मंद्र आणि तार स्वरांचा तोलही बदललेला वाटतो. मोठ्या आवाजात खर्ज भरतो. केबल बदलली, प्लग बदलला, आवाज वाढला, आणि श्रेय गेलं चांदीला. मी आणि माझा रूममेट एकदा व्होल्टेज मोजून, पातळी जुळवून बसलो होतो. तो पाठीमागून केबल बदलत होता. प्रत्येक अदलाबदलीला अर्धा मिनिट लागायचा, आणि तेवढ्यात आधीचा आवाज डोक्यातून निघून जायचा. दहा वेळा झाल्यावर आम्ही नाद सोडला आणि त्याच जोडीवर कुमार गंधर्व ऐकत बसलो. या चाचणीवरून मी काही सिद्ध करत नाही, पण कोणी 'फरक रात्र-दिवसाचा आहे' म्हणालं, की मला तो अर्धा मिनिट आठवतो.

या क्षेत्रात एक वाक्य फार चालतं: 'तुमचा कान अजून तयार नाही.' बैठकीतल्या जाणकारांकडून आपण ते गाण्याबद्दल ऐकत आलोय, आणि गाण्याबद्दल ते बरेचदा खरंही असतं. कान तयार होतो, वर्षं लागतात. इथे तेच वाक्य बावीस वर्षांच्या मुलाला, पहिल्या पगारातून एवढा खर्च कर म्हणून सांगायला वापरलं जातं, आणि तो 'मला काही वेगळं ऐकू आलं नाही' असं म्हणायला लाजतो. व्हाइटहाउसलाही स्वतःच्या अनुभवाचा असाच दांडगा भरवसा होता. फरक इतकाच, की तिथे तार जळाली की सगळ्यांना कळलं.

केबल घ्यायच्या खऱ्या कारणांची माझी यादी छोटी आहे. जुनी तुटली. जुनी ताठ आहे आणि कपड्यावर घासली की कानात खरखर येते. आठ पेडी वेणी दिसते देखणी, पण कानावर तिचं वजन ओढतं. चार पेडी हलकी बरी. वेणी आवडली म्हणून घेतली, तरी माझी ना नाही. देखणी वस्तू देखणी म्हणून घ्यावी.

घेताना पाकीट उलटून बघा. पेड किती, नऊचे आकडे किती, विणकाम कुठलं, प्लगवर सोन्याचा मुलामा किती, सगळं असतं. ओहम क्वचितच असतात. चारशे रुपयांच्या मल्टीमीटरने मोजता येतात: आधी त्याच्या दोन्ही काड्या एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध बघायचा, कारण तोच ०.२-०.३ असतो, मग प्लगचं टोक आणि डावीकडची पिन, आलेल्या आकड्यातून तो वजा. मग परतीच्या तारेसाठी तेच. दोन्हींची बेरीज म्हणजे तुमची केबल. मी दुकानात हे करू का विचारलं, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने आधी आत जाऊन मालकाला विचारलं. मालक बाहेर आले, म्हणाले, मोजा, पण त्यावर काही ठरवू नका.